नवस माझा, पाय मालतीचे

१७ जानेवारी

रोज काय खाल्लं आणि नंतर कसं वाटलं ते लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. उज्ज्वलाने लगेच डायरी आणून दिली. दिवाळीत मिलच्या शेठनी दिलेली, कोरीच पडली होती. उज्ज्वला माझी मुलगी, एम.कॉम. करते. घरात आम्ही अहिराणी बोलतो, ती गुजराती-हिंदी जे तोंडात येईल ते बोलते. मी मात्र अमळनेरला बारावीपर्यंत शिकलेला माणूस. लिहीन तर शुद्ध मराठीत.

परवा इथे सुरतेत वासी उत्तरायण होती, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. गच्चीवर पतंग, खाली तेलात पोहणारी ऊंधियुची भाजी. किती खाल्लं असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी 'थोडं' म्हणालो. इथे खरं लिहितो: चार वाट्या, वर जिलेबी. तीनच्या सुमारास छातीत अशी कळ आली की आता बन्सीलाल पाटील संपला, असंच वाटलं. रिक्षात बायकोचा, मालतीचा हात धरला होता. घाबरलो होतो, खोटं कशाला लिहू.

आमची कुलदेवी वणीची. पण तिच्याकडे माझे दोन नवस आधीच राहिलेले आहेत, तिसरा सांगायला तोंड नव्हतं. समोर रिक्षावाल्याने पावागडच्या कालिकामातेचा फोटो लावलेला. नवीन ठिकाणी माझी पाटी कोरी. डोळे मिटून म्हटलं, "माते, यातून वाचव. माझी मालती पायथ्यापासून अनवाणी चढून तुझी ओटी भरेल."

तीन वेळा कार्डिओग्राम काढला, दोन दिवस ठेवून घेतलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "गॅस आहे." वाचलो ही गोष्ट खरी. कशातून वाचलो, हा बारीकसारीक तपशील.

आजचं खाणं: मुगाची खिचडी. नंतर कसं वाटलं: उदास.

१९ जानेवारी

मालतीला आज नवसाचं सांगितलं. ती खिडकीपाशी साडीला खडे चिकटवत बसली होती. हे काम ती घरीच करते, दिवसभर बसूनच असते. ऐकून तिने हातातली साडी खाली ठेवली.

"छाती तुमनी दुखनी, आनि चढानं मी?"

मी शांतपणे समजावलं की मी त्या वेळी अर्धमेला होतो. अर्धमेल्या माणसाने स्वतःच्या पायांची हमी देवीला कशी द्यायची? जो धडधाकट आहे त्याचंच नाव सांगणार ना!

"माले इचारं व्हतं का?"

रिक्षात विचारायला वेळ कुठे होता? ती हसायला लागली. हसता हसता तिला दम लागला आणि भिंतीला टेकून बसली. उज्ज्वला आतून ओरडली, "पप्पा, एवुं थोडुं चाले?" ही पिढी देवाधर्माच्या बाबतीत फार तर्कटी आहे.

मालती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात यालाच मी होकार समजत आलो आहे.

२ फेब्रुवारी

फोल्डिंग खात्यात माझ्या नवसाची चांगलीच हवा झाली आहे. पलसाण्याच्या या मिलमध्ये मी एकवीस वर्षं फोल्डिंग मास्तर आहे. रंगून आलेला ताका, म्हणजे कापडाचा तागा, माझ्या टेबलावरून सरकतो आणि सुईच्या टोकाएवढा डागही माझ्या नजरेतून सुटत नाही. पण एवढा मान आजवर मिळाला नव्हता. शेठनी स्वतः बोलावून विचारलं, "पाटील, घरवाळी अनवाणी चढणार?" मी मान खाली घातली. अशा वेळी विनय शोभतो.

माझ्या हाताखालच्या छगनने तर लगेच माझा कित्ता गिरवला. त्याने आपल्या मेहुण्याच्या नावाने तंबाखू सोडली. मेहुण्याला अजून कळवलेलं नाही.

११ फेब्रुवारी

सराव सुरू केला. बमरोलीतली आमची बिल्डिंग चार मजल्यांची, लिफ्ट नाही, म्हणजे सरावाला उत्तम. रोज संध्याकाळी मालतीने एकदा खाली जाऊन वर यायचं. मी दारात खुर्ची टाकून मोबाइलवर वेळ लावतो.

आजची वेळ: अकरा मिनिटं. चार मजल्यांना अकरा मिनिटं! काय झालं म्हणून जिन्यात वाकून पाहिलं, तर बाईसाहेब दुसऱ्या मजल्यावर उषाबाईंच्या दारात पायरीवर बसलेल्या. उषाबाई म्हणजे आमच्या शेजारीण, दुसऱ्याच्या संसारात मत द्यायला चोवीस तास मोकळ्या. म्हणाल्या, "भाऊ, हिचा चेहरा बघा, कसा पांढरा पडलाय."

मी म्हटलं, गोरी तर ती आधीपासूनच आहे.

आणखी एक. डब्यातले तांदूळ कमी होत आहेत. आज पकडलं. ती कच्चे तांदूळ मुठीने चावत होती. विचारलं तर म्हणे, "खावासं वाटस." या वयात डोहाळे? मी बरीच थट्टा केली. उज्ज्वलाला हसू आलं नाही. म्हणाली, मम्मीला डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, मी आत्ताच जाऊन आलोय, ते सगळ्यांना गॅसच सांगतात.

२३ फेब्रुवारी

वेळ: तेरा मिनिटं. सरावाने माणूस सुधारतो असं ऐकलं होतं.

रात्रीच्या जेवणानंतर मालती स्वतःहून म्हणाली, "जासूत आपण. एक डाव व्हयी जाऊ दे." आवाजात भक्ती होती की कंटाळा, ते ठरवता आलं नाही. मी भक्ती धरली. तारीख नऊ मार्च. चैत्रातल्या नवरात्रात फार गर्दी होते, त्याआधीच उरकावं.

९ मार्च, हालोल

हे दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. क्रमाने लिहितो, म्हणजे माझी चूक नव्हती हे स्पष्ट होईल.

पहाटेच्या गाडीने बडोदा, तिथून बसने पावागड. डोंगर लांबूनच दिसायला लागतो, सपाट शेतातून एकदम उठलेला. पायथ्याला चांपानेर, म्हणजे जुन्या राजधानीचं गाव. कोट, दरवाजे, मोठी मशीद. मशिदीच्या खांबांवर आणि छतावर दगडात कोरलेली अशी कमळं की मालती मान वर करून बघतच राहिली. मी म्हटलं, चल, आपण फिरायला नाही आलो. ती म्हणाली, "थांबा ना जरासा." थांबलो. पाच मिनिटं तरी थांबलो असेन.

तिथे एक गाइड काही लोकांना पताई राजाची गोष्ट सांगत होता, आम्हीही फुकटात ऐकली. नवरात्रात देवी स्वतः बाईच्या रूपात गरब्यात नाचायला आली. राजाने तिचा पदर धरला. ती म्हणाली, दुसरं काहीही माग. तो म्हणे, तूच पाहिजेस. देवीने शाप दिला, राज्य बुडालं. राजाची चूक माझ्या लगेच लक्षात आली. त्याने स्वतःसाठी मागितलं.

मालतीने गाइडला विचारलं, "मंग त्या राजानी राणी कथी व्हती?" गाइड म्हणाला, राणीचं गोष्टीत काही येत नाही.

साडेनऊला चढण सुरू. मालतीने चपला काढून उज्ज्वलाकडे दिल्या. उज्ज्वला आईबरोबर पायी जाणार होती. मी माचीपर्यंत बसने आणि तिथून उडनखटोल्याने, म्हणजे रोपवेच्या पाळण्याने वर जायचं ठरवलं. माची म्हणजे डोंगराच्या मधला टप्पा. वर पोचून सगळी व्यवस्था कोणीतरी बघायला नको का? शिवाय माझी छाती.

पाळण्यातून दिसणारं दृश्य खरोखर अप्रतिम! खाली दरी, पडका कोट, कड्यावर धान्याची जुनी कोठारं, मधूनच पाण्याचा हिरवा तुकडा. शेजारी बसलेल्या राजकोटच्या माणसाला नवसाची हकिकत सांगितली. तो म्हणाला, "तमे बहु नसीबदार." ते पटलं.

वर साडेअकराला पोचलो. रांग फार नव्हती, म्हणून एक दर्शन करून घेतलं आणि देवीला सांगितलं की पार्टी रस्त्यात आहे. मग भजी, चहा. (खाणं लिहायचं असतं म्हणून: भजी दोन प्लेट.) उज्ज्वलाला फोन केला, "कुठपर्यंत?" ती म्हणाली, "मम्मी सारखी बसते." मी म्हटलं, बसू देऊ नकोस, बसलं की पाय जड होतात. तिने फोन ठेवला. नंतर चार वेळा केला, उचलला नाही.

एक वाजता तिचाच आला.

"पप्पा, मम्मी माचीच्या थोडी खालीच बसली आहे. उठत नाही. ओठ पांढरे झालेत."

"लिंबूपाणी दे. जय माताजी म्हणायला सांग. माचीनंतर पायऱ्याच पायऱ्या आहेत, आधीपेक्षा सोपं आहे."

"इथे बडोद्याच्या एक नर्स आहेत. त्यांनी मम्मीचे डोळे बघितले. त्या म्हणतात, आत्ताच्या आत्ता खाली न्या, हिच्या अंगात रक्त नाही."

"अगं, अर्ध्यावरून परत फिरलं तर नवस..."

मग उज्ज्वला माझ्याशी प्रथमच अहिराणीत बोलली. एवढी वर्षं तिला येते हेच मला माहीत नव्हतं. "पप्पा, नवस ऱ्हाऊ द्या. मनी माय मरी ऱ्हायनी." आणि फोन बंद.

मी देवळाकडे बघितलं. खरं लिहितो: पहिला विचार हाच आला की आता देवी माझ्या छातीचं काय करेल. दुसरा विचार यायला किती वेळ लागला, ते सांगता येणार नाही. पाळण्याला उतरणाऱ्यांची लांबलचक रांग होती. म्हणून पायऱ्यांनी निघालो.

पायऱ्या उतरतानाच दोनदा कठड्याला धरून थांबलो. उन्हाने दगड तापलेले, बुटांतूनही जाणवत होतं. समोरून बाया चढत होत्या, कडेवर मूल, डोक्यावर गाठोडं. एका म्हातारीने थांबून मलाच विचारलं, "भाई, पाणी देऊ?" मी नको म्हटलं आणि लगेच घेतलं.

माचीला पोचलो तोवर १०८ची गाडी त्यांना घेऊन निघून गेली होती. नारळवाल्याने सांगितलं, "एक बहेन होती, तिला हालोलला नेलं. तिच्यासोबत कोणी माणूस नव्हता, पोरगी एकटी होती." मी म्हणालो, अरेरे.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी मला विचारलं, "पेशंटचं वय?"

"पंचेचाळीस."

"एकोणपन्नास," उज्ज्वला म्हणाली.

"दम कधीपासून लागतो?"

"आजच. चढणीमुळे."

"दोन वर्षांपासून," उज्ज्वला म्हणाली.

हिमोग्लोबिन पाच आहे. बाईंना बारा तरी पाहिजे. दोन वर्षांपासून पाळीत फार रक्त जातंय, गर्भाशयात गाठी असाव्यात, सुरतला गेल्यावर सोनोग्राफी करा. उज्ज्वलाने जिन्याच्या सरावाचं सांगितल्यावर डॉक्टरीण बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही चार मजले कशी चढत होती, मला कळत नाही."

मी म्हणालो, तेरा मिनिटांत.

का म्हणालो कोण जाणे. कोणी हसलं नाही.

१० मार्च

रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या, आज तिसरी. बदली रक्त द्यायला मी तत्काळ बाही वर केली. संसारात असे क्षण क्वचितच येतात. सुई बघितली आणि छातीत तीच जुनी कळ आली. मला आडवं केलं. तिथल्या पोऱ्यासारख्या डॉक्टरने पोटावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाला, "काका, काल भजी खाल्ली होती का?"

रक्त उज्ज्वलाने दिलं.

मालती डोळे मिटून पडलेली. तळपायांना फोड आले आहेत. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "मला सांगायचं नाही का?"

तिने डोळे उघडले नाहीत. "काय सांगू? तुम्ही रोज टाइम लावतच व्हतात ना."

१६ मार्च

सुरतला आलो. सोनोग्राफी झाली. गाठीच आहेत. आधी रक्त वाढवायचं, मग ऑपरेशन. डॉक्टरांनी जिना मना केला, म्हणून छगनने आणि मी खुर्चीवर बसवून तिला वर आणलं. दुसऱ्या मजल्यावर छगन थांबून म्हणाला, "मास्तर, वहिनींचं वजन काहीच नाही हो." छगनची बायको घर सोडून माहेरी गेली आहे. तंबाखू सुटत नाही म्हणून मेहुण्याने भांडण काढलं, असं काहीतरी आहे.

मिलमध्ये सगळे विचारतात, झाला का नवस पुरा? मी सांगतो, झाल्यातच जमा.

६ एप्रिल

आज रामनवमी. दुपारी ढेकर आली आणि दचकलो. अर्धवट नवस डोक्यावर घेऊन माणूस किती दिवस जगणार? विचार करकरून ठरवलं आणि मालतीला म्हटलं, "हे बघ, तू पडून राहा. मी स्वतः जातो, अनवाणी चढतो, ओटी भरून येतो."

असं बोलताना माझे डोळे भरून आले. तिचे नाही आले. खाटेवर बसून ती बीट खात होती.

"नवसमा नाव मनं शे. तुम्ही चढीसन काय फायदा?"

मुद्दा बिनतोड होता.

"मी म्हनसू तवय जासू," ती म्हणाली आणि बिटाची दुसरी फोड उचलली.

१९ एप्रिल

सध्याचा माझा दिनक्रम: पाच वाजता उठणे, पाणी भरणे, चहा, पोळ्या (तिच्या मते त्या पोळ्या नाहीत), मग मिल. हे मी बायकोसाठी करतोय असं उषाबाई सगळ्या बिल्डिंगला सांगतात. तसं नाही. मालती रागावून 'मी जातच नाही' म्हणाली तर माझी छाती उघडी पडेल, एवढाच हिशेब आहे. काल वरणात मीठ विसरलो. ती नुसती म्हणाली, "पावागड लांब शे बरं का." रात्रभर कूस बदलत होतो.

२७ मे

ऑपरेशन झालं. साडेतीन तास लागले. बाहेर बसून नवस बोलायचा फार मोह झाला, पण कोणाच्या नावाने बोलावा ते कळेना. उज्ज्वलाकडे बघितलं. ती म्हणाली, "मनं नाव लेवानं नही." मग स्वतःच्या नावाने बोलावं म्हटलं, तर काय कबूल करावं तेही सुचेना. जे सुचे ते जमण्यासारखं नसे. तेवढ्यात दार उघडलं आणि नर्स म्हणाली, सगळं नीट आहे.

आजचं खाणं: काही नाही. आत्ता लक्षात आलं.

३ ऑगस्ट

हिमोग्लोबिन अकरा. मालतीचे गाल वेगळेच दिसायला लागलेत. मी म्हटलं, काही लावलंस का? उज्ज्वलाने कपाळावर हात मारला.

तांदळाच्या डब्याला हात लागत नाही. जिना ती आता न थांबता चढते. वेळ मी लावत नाही.

७ डिसेंबर

आज सकाळी उठलो तर घरात कोणी नाही. ओट्यावर उज्ज्वलाची चिठ्ठी: मम्मी, मी आणि उषाकाकू पावागडला जातोय. संध्याकाळी येऊ. भाजी फ्रिजमध्ये.

हायसं वाटलं. अखेर! मिलमध्ये जाऊन शेठना सांगितलं, आज नवस फिटतोय. शेठनी पेढे मागवले. छगनला दोन दिले. त्याची बायको परत आली आहे, पण मेहुणाही सोबत राहायला आलाय.

दुपारी उज्ज्वलाच्या मोबाइलवरून फोटो आला. मालती पाळण्यात बसलेली, पायात नवे बूट, खिडकीबाहेर बोट दाखवून हसते आहे. पाळण्यात! बुटांत! मी फोन केला तर लागला नाही. अर्धा पेढा तसाच कागदात ठेवला.

रात्री आठला आल्या. जिन्यातूनच तिघींच्या हसण्याचा आवाज. मी दारातच विचारलं, "पायथ्यापासून?"

"नही. पाळनामा."

"अनवाणी?"

"बूट व्हतात ना."

"निदान ओटी तरी भरलीस? नवसाचं बोललीस ना देवीला?"

मालती खुर्चीत बसली, बुटांच्या नाड्या सोडायला लागली आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर लबाडी असती तर मला ओळखता आली असती. नव्हती.

"नवस? आवो, ते मी इसरीच गयू. मी ते फिराले गयथू."

मला खाली बसावं लागलं. छातीत काही नव्हतं, मुद्दाम सांगतो. उषाबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "भाऊ, तुमची मालती तर तिथून निघायलाच तयार नव्हती." उज्ज्वला म्हणाली, दर्शन घेऊन आम्ही मक्याची कणसं खाल्ली, फोटो काढले, आणि मम्मी तळ्याच्या काठावर बसली ती बसलीच.

"किती वेळ?"

"दोन तास."

दोन तास! मी मालतीला विचारलं, "तिथे एवढं काय होतं बघायला?"

"काही नही. पानी व्हतं, वारा व्हता." तिने दुसरा बूट काढून बाजूला ठेवला. "मी बठेल व्हतू. दोन तास कोनीच माले उठाडं नही."

एवढं सांगताना तिचा चेहरा असा झाला, जणू देवीनेच समोर येऊन दर्शन दिलं असावं. यात एवढं विशेष काय, मी बराच वेळ विचार करतोय.